चित्रातला फेस आणि इंद्रायणीचा फेस

आम्ही तळवड्याच्या बायका. आज एका चित्रकाराची गोष्ट सांगणार आहोत, पण ती येऊन थांबते आपल्या नदीपाशी.

एडवर्ड लिअर नावाचा इंग्रज चित्रकार १८७३ साली मुंबईत उतरला. १८७५च्या सुरुवातीपर्यंत तो देशभर हिंडला, मध्ये पुण्यातही राहिला. डोंगर, खडक, पाणी दिसलं की तिथंच बसून पेन्सिलीनं काढायचा. कडेला गावाचं नाव, तारीख, वेळ, कुठं कोणता रंग, हेही लिहायचा. रंग मागाहून भरायचा.

जलरंग पाण्यात कालवून पातळ लावतात. खडकांतून धावणाऱ्या ओढ्याचा फेस दाखवायचा, तर चित्रकार बहुतेक वेळा तेवढा कागद कोराच सोडत. भोवती खडकाचा गडद रंग भरला, की ती कोरी जागा पाण्यासारखी उसळते.

ओढ्याचा फेस म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा. पाणी संथ झालं की तो विरतो. आपली इंद्रायणीही लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते. कामशेत, देहू, तळवडे, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. पण आळंदीत नदीवर पांढरा फेस तरंगतो, तो लवकर विरत नाही. सांडपाण्यातला साबण आणि कारखान्यांतली रसायनं बुडबुडे धरून ठेवतात. आपल्या मोरीचं पाणीही त्यात आहे, हे कबूल करू या. त्याच पाण्यात वारकरी स्नान करतात, तीर्थ म्हणून ओंजळीनं पितात.

आम्ही तोंडी तक्रार करायचो, तेव्हा प्रश्न यायचा, "कधी? कुठं? किती वाजता?" आम्ही गप्प व्हायचो. लिअरच्या चित्रांची माहिती ऐकली आणि वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल!

आता बचत गटाच्या वहीची मागची पानं नदीची. दर सोमवारी सकाळी, एकाच जागी, हातमोजे घालून काचेच्या बाटलीत पाणी घेतो. तारीख, वेळ, रंग, वास लिहितो. बाटली हलवून फेस किती वेळ टिकतो ते पाहतो. मोबाइलवर फोटो काढतो. महिन्याला नोंदींची नक्कल महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला देतो, आणि पोच घेतल्याशिवाय उठत नाही.

वहीनं नदी लगेच स्वच्छ होणार नाही. पण "कधी, कुठं" विचारलं, तर आता आम्ही पान उघडून दाखवतो. तुमच्या गावच्या ओढ्याचंही एक पान उघडा, बायांनो.