घरातील बंड आणि साष्टीची किंमत

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकाठी आनंदवल्ली आणि गंगापूर ही दोन गावे आहेत. आनंदवल्लीत रघुनाथराव पेशव्यांचे वास्तव्य असे. गंगापुरास त्यांच्या भावजय गोपिकाबाई राहत. याच गोपिकाबाईंचे पुत्र नारायणराव 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून मारले गेले आणि कटाचा ठपका काका रघुनाथरावांवर आला. सत्तापालट, बंड म्हटले की दूरदेशीची नावे आठवतात. पण अशा एका बंडाची दोन्ही घरे नाशिकच्याच परिसरात होती.

‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा घरोघरी सांगितली जाते आणि आनंदीबाईंना दोष देऊन विषय संपतो. त्या कथेच्या नादात खरा प्रश्न मागे पडतो. हत्येनंतर राज्य कोणी सांभाळले?

रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. रघुनाथराव स्वारीवर गेल्याचे पाहून नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदी मंडळींनी नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर सुरक्षित नेऊन त्यांच्या नावे कारभार सुरू केला. हेच बारभाईंचे कारस्थान. (हा शब्द तेव्हा राजकीय मसलतीसाठीही वापरीत.) 18 एप्रिल 1774 रोजी पुत्र जन्मला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. बारभाई काही एकदिलाचे नव्हते. मोरोबा फडणीस तर 1778 मध्ये उघडपणे रघुनाथरावांच्या बाजूस गेले. तरीही गादी तगली.

हरलेल्या पक्षाने मात्र मुंबईकर इंग्रजांचे दार ठोठावले. मार्च 1775 च्या सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी फौजेच्या मोबदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. नाशिककरांनी हे नीट समजून घ्यावे. नारोशंकराच्या मंदिरावर 1721 साल कोरलेली जी पोर्तुगीज घंटा आहे, ती वसईच्या विजयातील मानली जाते. 1737 मध्ये साष्टी आणि 1739 मध्ये वसई जिंकणारे चिमाजी अप्पा हे रघुनाथरावांचे सख्खे काका. काकांनी जिंकलेला मुलूख पुतण्याने गादीसाठी लिहून दिला!

परकी फौजेला असे निमित्त पुरते. कॅरिबियन समुद्रातील हैतीत 28 जुलै 1915 रोजी जमावाने राष्ट्राध्यक्ष साम यांना ठार केले. त्याच दिवशी अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरले आणि 1934 पर्यंत राहिले. तेथे त्यांना कोणी तह करून बोलावले नव्हते. येथे तर स्वतः दावेदारच निमंत्रण घेऊन गेला होता.

जानेवारी 1779 मध्ये वडगावास मराठ्यांनी इंग्रजांना कोंडीत पकडले आणि साष्टी परत देण्याचे कबूल करवून घेतले. इंग्रजांनी तो करार पाळला नाही. 1782 च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला, त्यांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली. पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. आजच्या मुंबईची उपनगरे त्याच भूमीवर वसली आहेत.

रघुनाथराव 1783 मध्ये कोपरगावी वारले. आनंदीबाईंचा अखेरचा काळ आनंदवल्लीस गेला. त्यांचे पुत्र बाजीराव 1796 मध्ये पेशवे झाले. यशवंतराव होळकरांनी 1802 च्या ऑक्टोबरात पुण्याजवळ त्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा तेही इंग्रजांकडे गेले. 31 डिसेंबर 1802 रोजी त्यांनी तैनाती फौज स्वीकारली, तीही वसईतच.