रिकामी अग्रशाळा आणि राज्याचे अंदाजपत्रक

(देवस्थानच्या वर्धापनोत्सवात महाजन मंडळींसमोर केलेले भाषण)



स्मरणिकेच्या प्रकाशनानिमित्त चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा समितीने मला केली. मी विद्वान नव्हे, कीर्तनकारही नव्हे. माझी सारी हयात सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत जमाखर्चाचे रकाने भरण्यात गेली. तेव्हा ज्या विषयाचा हातांना सराव आहे, तोच मी आज निवडला आहे. पाहुण्यांच्या येण्यावर ज्या खजिन्याची भिस्त असते, त्या खजिन्याने पाहुणे न येणाऱ्या वर्षाची तरतूद कशी करावी, हा तो विषय होय. उत्सवाच्या मांडवात हिशेबाची भाषा काहींना रुक्ष वाटेल. परंतु २०२० साली आपल्या अग्रशाळेच्या सर्व खोल्यांना कुलपे लागली होती, हे आपण विसरलेले नाही. त्या कुलपांचीच ही गोष्ट आहे.

पर्यटन हा शब्द नवा असला, तरी पाहुण्यांच्या येण्यावर चालणारा संसार आपल्याला नवा नाही. मुंबईहून, कारवारहून, बेळगावहून कुळावी येतात, अभिषेक करतात, नवस फेडतात, अग्रशाळेत दोन रात्री राहतात. त्यांच्या येण्यावर देवस्थानच्या जमेचा मोठा भाग उभा असतो. किनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरणारा परदेशी पाहुणा आणि आपल्या अग्रशाळेत उतरणारा कुळावी यांचे हेतू भिन्न खरे. पण हिशेबनिसाच्या दृष्टीने दोघांपासून होणारी जमा एकाच जातीची. ती आपल्या श्रमाने वाढविता येते, पण आपल्या हुकमाने आणता येत नाही.

अंदाजपत्रक ही वस्तूही आपल्याला नवी नाही. १९३३ सालच्या देवस्थानांच्या रेग्युलामेंताप्रमाणे प्रत्येक समितीने वर्षाचे अंदाजपत्रक करावयाचे आणि प्रशासकाची, म्हणजे आजच्या व्यवहारात मामलेदारांची, मंजुरी घ्यावयाची, हा शिरस्ता आहे. जुन्या वह्यांतून ‘ओर्सामेंत’ हा पोर्तुगीज शब्द आढळतो, तो याच कागदाचा. नेहमीची जमा निराळी दाखवावी आणि अवचित आलेली निराळी, ही त्या जुन्या हिशेबनिसांची शिस्त होती. राज्याचे अंदाजपत्रक संविधानाच्या २०२ व्या अनुच्छेदान्वये विधानसभेपुढे मांडले जाते. त्याचे आकडे कोटींचे असतात, एवढाच काय तो फरक. नेहमीचे कोणते आणि अवचित कोणते, हा प्रश्न तेथेही तोच असतो.

आता आपल्या गोव्याचा खजिना त्या वेळी कसा उभा होता, ते पाहू. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि त्याच वर्षीच्या १६ मार्चपासून खाणी थांबल्या. राज्याचा एक पाय असा आधीच लटका झाला होता. उरलेला भार मुख्यत्वे पर्यटनावर आला. २०१९ साली गोव्यात सुमारे ८० लाख पर्यटक आले. त्यांपैकी नऊ लाखांहून अधिक परदेशी होते. हे आकडे ऐकून आपण सारे सुखावलो होतो. ते नेहमीचे समजावेत की अवचित, असा प्रश्न त्या वेळी फार थोड्यांना पडला असावा.

मग मार्च २०२० उजाडला. ११ तारखेस जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली. १३ तारखेपासून परदेशी पर्यटकांचे व्हिसा स्थगित झाले. २२ तारखेस जनता कर्फ्यू पाळला गेला आणि २५ पासून देशभर टाळेबंदी आली. गोव्यातील पहिले सातही रुग्ण १९ एप्रिलपर्यंत बरे झाले होते आणि काही काळ राज्यात एकही रुग्ण नव्हता. तरीही जमा थांबलेलीच होती! रोग आपल्या घरात नसला, तरी पाहुण्याच्या घरात असला की आपली जमा थांबते, हे पाहुण्यांवर चालणाऱ्या मुलुखाचे प्राक्तन आहे. २ जुलैपासून अटींसह पर्यटकांना दार उघडले. परंतु २०२० च्या अखेरीस मोजदाद झाली, तेव्हा परदेशी पाहुण्यांचा आकडा तीन लाखांवर आला होता, आणि तोही बहुतांशी टाळेबंदीपूर्वीच्या तीन महिन्यांचा. २०२१ साली तर तो अवघा २२ हजारांच्या घरात राहिला.

पर्यटकाचा पैसा सरकारी तिजोरीत एका दाराने येत नाही. खोलीच्या भाड्यावरील वस्तू व सेवा कर, मद्यावरील अबकारी, पेट्रोल-डिझेलवरील मूल्यवर्धित कर, शॅकचे परवाने, अशा अनेक वाटांनी तो झिरपतो. त्यामुळे पाहुणा थांबला, की अंदाजपत्रकाच्या एका रकान्याला भोक न पडता अनेक रकाने थोडथोडे आटतात. खर्चाच्या बाजूला मात्र पगार, निवृत्तिवेतने आणि कर्जावरील व्याज हे तिघे ठाण मांडून बसलेले असतात. त्यांना महामारी समजत नाही. त्यात इस्पितळांचा खर्च वाढला. मडगावचे कर्मचारी विमा रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवले गेले, आणि प्राणवायू, खाटा, परिचारिका यांना नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. जमा खाली आणि खर्च वर, अशी ही कात्री.

ही कात्री सैल करण्यासाठी काय झाले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. राज्यांना रिझर्व्ह बँकेकडून मिळणाऱ्या तात्पुरत्या उचलीची मर्यादा एप्रिल २०२० मध्ये ६० टक्क्यांनी वाढविण्यात आली. मे महिन्यात केंद्राने राज्यांची कर्जमर्यादा राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांवरून पाच टक्क्यांपर्यंत नेली. त्यातील बराच भाग सुधारणांच्या अटींना बांधलेला होता. वस्तू व सेवा कर लागू करताना, १ जुलै २०१७ पासून पाच वर्षे राज्यांना दरसाल १४ टक्के वाढ धरून भरपाई देण्याचे वचन दिलेले होते. भरपाईसाठी बसविलेला उपकरही आटल्यामुळे केंद्राने २०२०-२१ मध्ये राज्यांकरिता १ लाख १० हजार कोटी रुपयांचे कर्ज काढून ती रक्कम त्यांच्याकडे वळविली. या उपायांनी पगार झाले, इस्पितळे चालली. त्यांचे मोल मी कमी लेखीत नाही. पण जन्मभर रकाने भरलेल्या माणसाला एक गोष्ट दिसल्यावाचून राहत नाही. हे सारे उपाय कर्जाचे होते. चांगल्या वर्षी बाजूला न ठेवलेला पैसा वाईट वर्षी येणाऱ्या वर्षांकडून उसना घ्यावा लागतो.

खजिन्याचे असे निभावले. पण पर्यटनावर जगणाऱ्या माणसाचे काय? माझ्या शेजारी एक तरुण टॅक्सीचा धंदा करतो. जानेवारी २०२० मध्ये त्याने कर्ज काढून नवी गाडी घेतली होती. एप्रिलमध्ये तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, हप्ते माफ झाले म्हणतात, खरे का?” मला त्याला सांगावे लागले, “बाबा, माफ नव्हे, पुढे ढकलले आहेत.” रिझर्व्ह बँकेने प्रथम तीन महिन्यांची सवलत दिली होती, ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. व्याजावरचे व्याज नंतर सरकारने सोसले. मूळ व्याज मात्र चढतच राहिले. मी कागदावर आकडे मांडून दाखविले. तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसला.

जून २०२१ मध्ये केंद्राने पर्यटन व्यवसायासाठी हमीची कर्जयोजना जाहीर केली. परवानाधारक मार्गदर्शकास एक लाख आणि मान्यताप्राप्त प्रवासी संस्थेस दहा लाख रुपयांपर्यंत. मी उत्साहाने त्याला बोलावले. नियम वाचले, तेव्हा उमगले की साऱ्या देशातून ती योजना सुमारे १०,७०० मार्गदर्शकांसाठी आणि हजारभर संस्थांसाठी होती. माझा टॅक्सीवाला त्यांपैकी कोणीच नव्हता. मोटारसायकलचा पायलट, शॅकमधला आचारी, चादरी धुणारी बाई यांची नावे तरी कोणत्या नोंदवहीत होती? अंदाजपत्रकात तरतूद असली, तरी ज्याचे नाव कोठेच लिहिलेले नाही, त्याच्यापर्यंत ती पोहोचविणार कोण?

सरकारची ही उणीव मी दाखवितो आहे खरा. पण महाजनहो, तीच चूक माझ्या हातून घडली आहे, आणि ती आज आपणासमोर कबूल करण्यासाठीच मी हा विषय घेतला.

मे २०२० मध्ये आपल्या समितीची बैठक झाली. अग्रशाळेची जमा शून्य, अभिषेकांची जवळजवळ शून्य. वाजंत्री, दिवाबत्ती करणारे, अंगण झाडणाऱ्या बाया, अग्रशाळेतील स्वयंपाकी यांचे वेतन निम्मे करावे, असा प्रस्ताव पुढे आला. प्रस्ताव आणणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. वहीतला शून्य पाहून ते भ्याले होते. तेव्हा खजिनदारांनी जुन्या ठेवीची पावती समोर ठेवली. काही वर्षांपूर्वी, जमा भरभरून येत असताना, अग्रशाळेच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा मुदतठेवीत टाकावा आणि त्याला बांधकामासाठी हात लावू नये, असा ठराव झाला होता. त्या वेळी आपल्यातील अनेकांना नवे सभागृह हवे होते. मीही त्यांतलाच एक होतो, आणि त्या ठरावाविरुद्ध बोललो होतो. त्याच ठेवीतून देवस्थानच्या एकाही सेवकाचे वेतन न कापता ते वर्ष निभावले.

कोणाला किती द्यावयाचे, याची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी वेतनाची वही उघडली, नावे उतरून काढली, बेरीज जुळविली आणि समाधानाने सही केली. देवळाच्या पायऱ्यांशी बसून आबोली-शेवंतीच्या फाती विकणारी बाई त्या यादीत नव्हती. कशी असणार? ती देवस्थानची सेवक नव्हे. कुळावी आले तर तिची चूल पेटणार, न आले तर नाही. जुलै महिन्यात एके सकाळी ती रिकामी टोपली घेऊन बंद महाद्वाराबाहेर उभी दिसली. देवाला नमस्कार करायला आले, एवढेच ती म्हणाली. तीन महिने तिने काय खाल्ले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यानंतर समितीने तिच्यासाठी आणि नारळ-उदबत्ती विकणाऱ्यांसाठी धान्याची व्यवस्था केली, हे खरे. पण ती तीन महिने उशिरा केली, हेही तितकेच खरे. माझी बेरीज बरोबर होती. यादी चुकलेली होती.

आज ते दिवस मागे पडले आहेत. २०२३ साली गोव्यात देशी पर्यटक ८० लाखांहून अधिक आले, म्हणजे २०१९ पेक्षाही जास्त. परदेशी मात्र साडेचार लाखांच्या आसपास, पूर्वीच्या निम्मे. महामारीनंतर रशिया-युक्रेन युद्ध आले, आणि चार्टर विमानांचा जुना ओघ परतला नाही. देशी पाहुण्यांनी हात दिला म्हणून धंदा सावरला. यातून एवढे शिकावे, की एकाच देशाच्या, एकाच हंगामाच्या पाहुण्यांवर विसंबू नये. आणि गर्दी परतली म्हणून संकट संपले, असेही मानू नये. भरलेल्या वर्षीच रिकाम्या वर्षाचे अंदाजपत्रक करावयाचे असते.

राज्याला उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. देवस्थानपुरती दोन नम्र सूचना मात्र समितीपुढे ठेवतो. पहिली अशी, की दहाव्या हिश्श्याचा तो ठराव केवळ समितीच्या मर्जीवर न ठेवता दर वर्षीच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा. समित्या तीन वर्षांनी बदलतात. ठेव बदलू नये. दुसरी अशी, की वेतनाच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवावी. देवस्थानच्या पगारावर नसलेल्या, पण देवस्थानच्या पाहुण्यांवर जगणाऱ्या प्रत्येकाचे नाव तीत असावे आणि दर वर्षी ती तपासली जावी. या वहीसाठी चार आण्यांची शाई आणि एका निवृत्त कारकुनाचा वेळ लागेल. वेळ मी देतो.

पुन्हा तसे वर्ष न येवो, अशी श्रीचरणी प्रार्थना आपण सारे करतोच. पण आलेच, तर पायऱ्यांवरची टोपली रिकामी राहण्यापूर्वी आपल्याला तिचे नाव ठाऊक असावे, एवढी बुद्धी श्रींनी आपणा सर्वांना द्यावी. 

श्रीकृष्णार्पणमस्तु.