जुनी लेन्स, नवा कॅमेरा: बाबांच्या कपाटातली लेन्स विकायची का?

आजचा एपिसोड एका मेसेजमुळे करतोय. सांगलीहून एका मुलीने लिहिलंय, "दादा, बाबांचा फोटो स्टुडिओ होता. बाबा आता नाहीत. कपाटात त्यांचा पेंटॅक्स के-१००० आणि ५० एमएमची लेन्स आहे. घरचे म्हणतात, देऊन टाक. मी सेकंडहँड सोनी मिररलेस घेतेय. ही लेन्स त्याला चालेल का?"

चालेल. कशी, ते सांगतो.

लेन्सचा माउंट आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. त्याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. पेंटॅक्स के माउंटला ते ४५.४६ मिलिमीटर आहे, कारण जुन्या एसएलआरमध्ये मधे आरसा हलायला जागा लागायची. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून सोनी ई माउंटला ते फक्त १८ आहे. उरलेले २७.४६ मिलिमीटर भरायला एक पोकळ धातूची नळी लागते. तोच अडॅप्टर. आत काच नाही, सर्किट नाही. आपल्या कोडिंगमधल्या अडॅप्टरसारखंच, दोन न जुळणाऱ्या गोष्टींमधला साधा दुवा.

उलट हीच लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर लावून बघा. निकॉन एफ माउंटचं अंतर ४६.५, म्हणजे लेन्स जेमतेम एक मिलिमीटर लांब बसते. पण तेवढ्यानेच दूरचा डोंगर कधीच शार्प येत नाही. म्हणून जुन्या लेन्सचा खरा सुकाळ मिररलेस आल्यावर झाला.

आता सेटिंग्ज. अडॅप्टरमधून कॅमेऱ्याला काहीच सिग्नल जात नाही, त्यामुळे त्याला वाटतं लेन्सच नाही. मेन्यूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू ठेवायचा पर्याय असतो, तो आधी ऑन कर. मोड अपर्चर प्रायॉरिटी. अपर्चर लेन्सवरच्या रिंगने तू ठरवायचं, शटर स्पीड कॅमेरा ठरवेल. फोकस हाताने. फोकस पीकिंग लावलं की शार्प भागाच्या कडा रंगीत दिसतात. अपर्चर पूर्ण उघडं असेल तर झूम करून डोळ्यांवर फोकस कर, तिथे नुसत्या पीकिंगवर भरवसा नको.

तुझा सेन्सर एपीएस-सी असेल तर ५० एमएमची चौकट फुल फ्रेमवरच्या ७५ एमएमसारखी दिसेल. पोर्ट्रेटला मस्त, पण छोट्या खोलीत सगळं कुटुंब मावणार नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर तिथे मात्र ५०च भर, ७५ नाही. लेन्सवर छापलेला आकडाच द्यायचा.

सगळ्यात महत्त्वाचं, बुरशी. आपल्याकडचा पावसाळा लेन्सचा शत्रू आहे. अंधाऱ्या खोलीत अपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाईलचा टॉर्च मार. थोडी धूळ दिसली तर सोडून दे, फोटोत येत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. ती काचेवरचं कोटिंग खाते, आणि एकदा ते गेलं की साफ करूनही परत येत नाही. अशी लेन्स लवकर दुरुस्तीवाल्याकडे ने आणि तोवर बाकीच्यांपासून वेगळी ठेव. रिंग फिरवून अपर्चरची पाती पण बघ, त्यांवर तेल नको.

लेन्स चामड्याच्या केसमध्ये असेल तर आजच बाहेर काढ. चामडं ओल धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेव. किचनमधला घट्ट झाकणाचा डबाही चालतो.

मर्यादाही सांगतो. ऑटोफोकस नाही, त्यामुळे पळणारी पोरं, क्रिकेट, लग्नाची ऑर्डर यासाठी ही लेन्स नाही. समोरून ऊन आलं की जुन्या कोटिंगमुळे फोटो फिका पडतो. हूड लाव, नाहीतर सरळ हात आडवा धर.

आणि विकायचं म्हणशील तर, के-१००० हा १९७६ ते १९९७ एवढी वर्षं बनत होता, फोटोग्राफी शिकणाऱ्यांचा कॅमेरा म्हणून लाखोंनी खपला. दुर्मिळ नाही, त्यामुळे फार पैसे येतील असं धरू नकोस. उलट तेवढ्याच फोकल लेंथची नवी लेन्स घ्यायला तुला त्याहून बरेच जास्त मोजावे लागतील.

म्हणून माझं मत: आज रात्री टॉर्च मारून बघ. काच स्वच्छ असेल तर पीके ते सोनी ई असा साधा अडॅप्टर घे, आणि लेन्स ठेव. ज्या काचेतून बाबांनी लोकांचे फोटो काढले, तीच तू वापरशील. हे कुठल्याही दुकानात मिळत नाही.

बाकी मंडळी, तुमच्या घरात कुठली लेन्स पडून आहे? वर छापलेलं नाव आणि आकडे वाचून मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!