संगणकावरील खंडणीचा हल्ला : पूर्वखुणा ओळखणे अगत्याचे
(संगणक सुरक्षिततेविषयीच्या भाषणाचा मजकूर)

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक एकाएकी निकामी झाले. कोणता कंटेनर कोणाचा व तो कोठे ठेवला आहे, हे सांगणारी यंत्रणाच थांबल्याने कामे हाताने उरकणे भाग पडले. या हल्ल्याचा उगम युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीत होता. टर्मिनल चालविणाऱ्या मर्स्क समूहाचे जगभरातील संगणक त्यात सापडले आणि २० ते ३० कोटी डॉलरच्या हानीचा अंदाज त्या समूहाने जाहीर केला.

अशा आज्ञावलीस रॅन्समवेअर म्हणतात. ती संगणकातील फायली सांकेतिक रूपात बदलून टाकते आणि त्या पूर्ववत करण्यासाठी खंडणी मागते. खंडणीचा मजकूर पडद्यावर झळकला म्हणजे हल्ला झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ती अखेरची खूण होय. तत्पूर्वीच्या खुणा ध्यानात आल्या तर बरेच काही वाचविता येते.

विषाणूरोधक आज्ञावली कोणी बंद न करताच बंद पडणे, ही पहिली खूण. घरात शिरणारा चोर आधी राखणदाराचा बंदोबस्त करतो, तसाच हा प्रकार. रात्री-अपरात्री अनोळखी खात्यातून प्रवेश झाल्याची नोंद आढळणे, राखून ठेवलेल्या प्रती नाहीशा होणे, काम नसतानाही संगणक मंदावणे व डिस्क सतत चालू राहणे, या पुढील खुणा. कालपर्यंत उघडणारी फाईल आज उघडत नाही, तिच्या नावापुढे अपरिचित अक्षरे जोडली गेली आहेत, असे दिसताच शंकेला जागा उरत नाही. २०१७ च्या मे महिन्यातील ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात अशी अक्षरे जोडलेली आढळली होती. जूनमधील हल्ला अधिक कावेबाज होता. डिस्कची दुरुस्ती चालू असल्याचा खोटा मजकूर पडद्यावर दाखवून त्याआड नासधूस चालू होती. कोणी न सांगता सुरू झालेली दुरुस्तीही म्हणूनच संशयास्पद मानावी.

खूण दिसताच त्या संगणकाची नेटवर्कची केबल काढावी, वाय-फाय बंद करावे व जोडलेला पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्राला लावू नये. तंत्रज्ञास तत्काळ कळवावे. संस्थांनी अशी घटना सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेस ६ तासांच्या आत कळवावी, असा २०२२ चा निर्देश आहे. खंडणी भरल्याने फायली परत मिळतीलच असे नाही. जून २०१७ च्या हल्ल्यात तर तशी सोयच नव्हती. नेटवर्कपासून अलग ठेवलेली व वेळोवेळी तपासलेली प्रत हाच खरा आधार.

परंतु यंत्रापेक्षाही महत्त्वाचा आहे तो यंत्रापुढे बसलेला कर्मचारी. फसव्या पत्रातील जोडपत्र आपल्या हातून उघडले गेले, आता ठपका येईल, या भीतीने तो गप्प राहिला, तर एका टेबलावरील आग साऱ्या कार्यालयात पसरते. चूक सांगणाऱ्यास अभय देणारे कार्यालयच अशा संकटातून लवकर सावरते.