मल्लाची विश्रांति

मल्लाच्या तयारीचा हिशेब आपल्याकडे फार दिवसांपासून दंड आणि बैठका यांच्या आंकड्यांत मांडला जातो. अमक्यानें रोज हजार बैठका मारल्या, तमक्यानें पांचशें दंड काढले, असें कौतुकानें सांगितलें जातें. तो किती वेळ निजला, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः मेहनत चालू असतां स्नायु बळकट होत नाहींत. ते शिणतात, त्यांचे बारीक तंतु दुखावतात, आणि पुढें विश्रांतीच्या काळांत शरीर ती झीज भरून काढतां काढतां पूर्वींपेक्षां कांहींसें अधिक बांधून ठेवतें. पहिलें काम वस्तादाच्या डोळ्यांदेखत होतें आणि दुसरें अंथरुणांत, म्हणून दुसऱ्याची गणती होत नाहीं इतकेंच.

विश्रांति हिरावली गेल्याचें उदाहरण महाराष्ट्रास दूर शोधावयास नको. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें बँटमवेट गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेंत जपानच्या शोहाची इशी याच्याशीं त्यांची दमछाक करणारी लांब कुस्ती झाली. ती संपते न संपते तोंच सोव्हिएट रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्ह याच्यापुढें त्यांना उभें केलें गेलें, असें सांगतात. नियमाप्रमाणें मध्यें निदान अर्धा तास मिळावयास हवा होता. पण त्यांची बाजू मांडावयास कोणी भारतीय अधिकारी तेथें हजर नव्हता. इशीनें सुवर्णपदक नेलें, मम्मदबेयोव्हनें रौप्य. विश्रांति मिळती तर निकाल पालटलाच असता, असें छातीठोकपणें म्हणवत नाहीं; प्रतिस्पर्धी कांहीं सामान्य गडी नव्हता. परंतु अर्धा तास ही क्षुल्लक गोष्ट होती, असें म्हणणें त्याहून चुकीचें होईल.

कारण त्या अर्ध्या तासांत शरीरांत पुष्कळ घडतें. झटापटींत शक्ति इतक्या त्वरेनें लागते कीं, प्राणवायूच्या साह्यानें मिळणारी ऊर्जा पुरी पडत नाहीं. मग स्नायु आपल्या सांठ्यांतील साखर झपाट्यानें मोडतात, आणि लॅक्टेट नांवाचें द्रव्य रक्तांत वाढतें. एका झटक्याच्या जोरास लागणारा शिधा कांहीं मिनिटांत बराचसा परत भरतो. श्वास आणि नाडी ताळ्यावर यावयास त्याहून अधिक अवधि लागतो. लॅक्टेट निम्म्यापर्यंत उतरावयास पाव ते अर्धा तास जातो. येथें एक मौज आहे. गडी आडवा पडून राहिला तर तें सावकाश उतरतें, हलकेंच चालत राहिला तर लवकर. कुस्तीनंतर शागीर्दास बसूं न देतां हौद्याभोंवतीं फिरावयास लावणारा वस्ताद पुस्तक न वाचतांही बरोबर असतो.

दुसऱ्या दिवशींच्या दुखण्याची गोष्ट निराळी. आपल्या भाषेंत अंग आंबलें असें म्हणतात, आणि योगायोग असा कीं, शास्त्रज्ञांनींही पुष्कळ वर्षें तो दोष आम्लावरच ठेवला. पण तें द्रव्य तासा-दोन तासांत निघून जातें, आणि दुखणें शिगेस पोंचतें दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं. ओझें पेलतांना स्नायु ताणला जातो, तेव्हां त्याचे तंतु दुखावतात, हें खरें कारण. सिंहगडास जाऊन आलेल्या मनुष्याच्या मांड्या धरतात, त्या चढण्यापेक्षां उतरण्यानें.

मालिशीनें अंगांतलें आम्ल पिळून निघतें, ही समजूत म्हणून सोडून द्यावी. मालीश मात्र सोडूं नये. तिनें ठणका कमी होतो आणि मन निवतें. बर्फाचेंही तसेंच. मुरगळलेल्या भागास विश्रांति व बर्फ द्यावें हा उपदेश डॉ. गेब मर्किन यांनीं १९७८ सालीं रूढ केला, आणि २०१४ च्या सुमारास त्यांनींच सांगितलें कीं, बर्फानें वेदना शमतात, परंतु भरून येण्यास उशीर लागण्याचा संभव आहे. बळ वाढविण्याच्या मेहनतीनंतर रोज गार पाण्यांत बसणेंही स्नायूंच्या वाढीस मारक ठरतें. या सर्वांहून स्वस्त औषध म्हणजे झोंप. गाढ निद्रेंतच शरीराची वाढ व डागडुजी करणारा रस अधिक स्रवतो.

राहिला सांध्यांच्या लवचिकपणाचा प्रश्न. सामन्यापूर्वीं एकच अवयव मिनिटभराहून अधिक ताणून धरला तर त्याचा जोर थोडा उणावतो. त्या वेळीं हलती कसरत बरी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं ज्याचा आयुष्यभर प्रसार केला तो सूर्यनमस्कार, सावकाश घातला, तर खांदा, कणा, खुबा आणि घोटा या सर्वांस एका फेरींत फिरवून आणतो. शेंकडा पुरा करण्याच्या घाईनें घातलेल्या नमस्कारांत हा गुण राहात नाहीं.

घरांतील एखादा उत्साही मुलगा कित्येक महिन्यांच्या खंडानंतर एकदम पांचशें बैठका काढतो, आणि आई त्याच्या पायांस तेल चोळूं लागते. दुखणें चार दिवसांत ओसरलें तर काळजी नाहीं. पण मांड्या सुजून टणक झाल्या आणि लघवी चहासारखी काळपट होऊं लागली, तर स्नायु मोडून त्यांतील द्रव्य मूत्रपिंडावर जात आहे असें समजावें, तेल बाजूस ठेवावें, आणि त्याच दिवशीं त्यास डॉक्टरांकडे न्यावें.