वस्तूंची साक्ष

पडदा वर गेला की आपली नजर आधी नेपथ्यावर जाते. दिवाणखाना असेल, जिना असेल, राजवाड्याची कमान असेल. पोलंडचे चित्रकार आणि नेपथ्यकार यूझेफ शायना यांच्या रंगमंचावर मात्र दिसत गंजलेली नळकांडी, फाटके बूट, गोणपाट.

हे सामान त्यांनी हौसेनं गोळा केलेलं नव्हतं. १९२२ साली जेशूफ शहरात जन्मलेल्या शायनांना एकोणिसाव्या वर्षी नाझींनी ऑशविट्झच्या छळछावणीत टाकलं. पळून जाण्याचा प्रयत्न फसला, मृत्युदंड झाला आणि तो ऐन वेळी टळला. पुढे बुखेनवाल्डच्या छावणीत त्यांनी कैद्यांच्या रांगांचं एक चित्र काढलं. अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, आणि चेहऱ्याच्या जागी बोटांचे ठसे. माझ्या मते त्यांची पुढची सगळी कला या एका कागदात आहे.

युद्धानंतर क्राकूवच्या कला अकादमीत शिक्षण झालं. मग पोलाद कामगारांसाठी वसवलेल्या नोव्हा हुतामध्ये, तिथल्या लोकनाट्यगृहात त्यांनी बरीच वर्षं काम केलं.

१९६२ साली ओपोले शहरात दिग्दर्शक येझी ग्रोटोव्स्की यांच्याबरोबर त्यांनी ‘अक्रोपोलिस’ उभं केलं. पोलिश नाटककार विस्प्यांस्की यांचं मूळ नाटक घडतं क्राकूवच्या वावेल कॅथीड्रलमध्ये, तिथली शिल्पं रात्री जिवंत होतात. या दोघांनी ते थेट ऑशविट्झमध्ये नेलं. नटांच्या अंगावर भोकं पडलेली गोणपाटं, आणि त्या भोकांतून आतलं कापड फाटलेल्या कातडीसारखं दिसे. पायांत जड लाकडी बूट. रंगमंचावर एकचाकी ढकलगाड्या, एक जुना बाथटब आणि धुराड्याचे नळ. प्रेक्षकांच्या मधोमध, त्यांच्या डोळ्यांदेखत कैदी त्याच नळांची भट्टी उभारत जातात. बायबलमधल्या याकोबच्या लग्नाच्या वरातीत वधू म्हणून येतो तोही असाच एक नळ! हसू येण्याआधीच अंगावर काटा येतो.

ग्रोटोव्स्कींचं नाव जगभर गाजलं. त्या मानानं शायनांचं नाव मागे राहिलं, हा मला अन्याय वाटतो. ‘अक्रोपोलिस’ त्यांच्याशिवाय उभंच राहिलं नसतं.

१९७२ पासून दहा वर्षं त्यांनी वॉर्सातलं स्टुडिओ नाट्यगृह चालवलं. ‘रेप्लिका’ या प्रयोगात तर शब्द जवळजवळ नाहीतच. माती, बूट, पुतळ्यांचे तुटके अवयव यांच्या ढिगाऱ्यातून माणसं हळूहळू वर येतात. २००८ साली शायना गेले.

‘अक्रोपोलिस’चं चित्रीकरण झालेलं आहे. मिळालं तर जरूर पाहा, आणि पाहताना नटांच्या आधी त्यांच्या हातातल्या वस्तूंकडे बघा.