रुखवत मांडा, वही उघडी ठेवा

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि शहरात लग्नाच्या खरेदीची प्रदर्शनं भरतात. शालू, दागिने, मेंदी, मंडपवाले, सगळे एका छताखाली. बचत गटानं तिथं गाळा घ्यावा का, असं बऱ्याच जणी विचारतात. घ्यावा. पण आधी आमची फजिती ऐका.

पहिल्या वर्षी आम्ही गटातून कर्ज उचललं आणि कुरडया, पापड, सरगुंडे, शेवया, हळद असा टेम्पोभर माल नेला. लोक आले, 'छान आहे' म्हणाले आणि पुढं गेले. गाळ्याचं भाडंसुद्धा निघालं नाही. निम्म्या कुरडया वाटेतच मोडल्या. त्या महिन्याचा हप्ता आम्ही मजुरीच्या पैशातून भरला.

मग लक्षात आलं. लग्नघरची माणसं तिथं बघायला येतात. रुखवत कसं करायचं, हे घरी आजी, मावशी, काकू बसल्यावर ठरतं. म्हणजे प्रदर्शनात ओळख करायची आणि विक्री त्यांच्या घरी जाऊन.

दुसऱ्या वर्षी एकच रुखवत सजवून मांडलं. चवीला तळलेले पापड ठेवले. समोर वही ठेवली: नाव, गाव, मोबाइल, लग्नाची तारीख. तिसऱ्या दिवशी फोन केला, नमुने घेऊन दोघी-दोघी घरी गेलो. निम्मी रक्कम आगाऊ घेतली, मगच पीठ भिजवलं. त्या हंगामात कर्ज फिटलं.

गाळा घेण्याआधी हिशेब करा. समजा भाडं १,५०० रुपये आणि एका रुखवतामागं ३०० रुपये सुटतात. तर पहिली पाच रुखवतं भाड्यातच जातात. तेवढी मागणी येईल का, ते ठरवा. आणि हातून होईल तेवढंच कबूल करा. लग्नाची तारीख पुढं ढकलता येत नाही.

घरी केलेले पदार्थ विकायलाही अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापा. आपल्या वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीच्या कार्यक्रमासाठी ती मागतात. पण ते मानांकन पाकिटावर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. नोंद नसेल, तर नुसतं आपल्या गावाचं आणि गटाचं नाव लिहा.

शेवटचं. अशा प्रदर्शनात कुणीतरी गोड बोलून सांगतं, 'ताई, पैसे भरा, खाली बायका जोडा, घरबसल्या कमवा.' थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी अशा साखळी योजनांना बंदी आहे. माल विकून नव्हे, माणसं जोडून पैसा मिळणार असेल, तर गटाचा एक रुपयाही देऊ नका.

येत्या बैठकीत सगळ्याजणी मिळून भाड्याचा हिशेब मांडा आणि वहीला आजच रेघा मारा.